तीन कंपन्या, एक टेस्ट बेड आणि दहा दिवस

पत्राचा सारांश : मी 34 वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर. पिंपरी-चिंचवडमधल्या औद्योगिक पंप बनवणाऱ्या एका जुन्या भारतीय कंपनीत ट्रेनी म्हणून लागले, त्याला 11 वर्षं झाली. आज टेस्ट बेड, म्हणजे तयार पंप चालवून तपासायची जागा, माझ्या ताब्यात आहे. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) साडेचौदा लाख. एका युरोपीय स्पर्धक कंपनीच्या बाणेरच्या इंजिनिअरिंग सेंटरमधून 18 लाखांची ऑफर आली आहे, दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. तिसऱ्या, भारतीय कंपनीच्या रांजणगाव प्लांटमध्ये मॅनेजरच्या जागेसाठी दोन फेऱ्या झाल्या आहेत, पण पक्कं काही नाही. रेटिंगच्या साइटवर परदेशी कंपनीला 4.2 तारे आहेत, आमच्या कंपनीला 3.6. बरोबरच्या सगळ्यांनी दोन-तीन कंपन्या बदलल्या, मीच एका जागी राहिले. मुलगी चार वर्षांची आहे, सासूबाई सांभाळतात. माझे आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. शिवाय 11 वर्षांची ग्रॅच्युइटी सोडून जायचं जिवावर येतं. नोकरी करायला या तिघांत सगळ्यात चांगली कंपनी कोणती?

तुम्ही तिन्ही नावं लिहिली होती, ती मी गाळली आहेत. पुण्यातला पंपांचा धंदा इतका आटोपशीर आहे की सकाळी कोण कुठे मुलाखत देऊन आलं हे संध्याकाळच्या बसमध्ये सगळ्यांना कळलेलं असतं. पुढे ज्या कंपन्यांची नावं येतील ती निव्वळ उदाहरणं म्हणून. त्यांत तुमच्या तीन कंपन्या शोधत बसू नये, ही इतर वाचकांनाही विनंती.

आधी ग्रॅच्युइटीचा विषय मिटवू, कारण तिथे तुम्ही विनाकारण घाबरला आहात. सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी तुमची झाली. राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचा मूळ पगार गुणिले 15 भागिले 26, त्याला गुणिले नोकरीची वर्षं. तुमचा मूळ पगार 60 हजार आहे, म्हणजे 11 वर्षांचे साधारण 3 लाख 80 हजार होतात. नोकरी सोडल्याने त्यातला रुपयाही बुडत नाही. पीएफचंही तसंच : खातं नव्या कंपनीकडे वर्ग करायचं, काढून खर्च करायचं नाही. सोडून जायचं नसेल तर खुशाल जाऊ नका, पण त्याला ग्रॅच्युइटीचं कारण देऊ नका.

आता 18 लाख. ऑफर लेटरचा तक्ता जोडलात हे फार बरं केलंत. साडेचौदावरून 18 म्हणजे 24 टक्के वाढ, असं तुम्ही लिहिलंय. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्या 18 लाखांत 15 टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजार, व्हेरिएबल आहेत, म्हणजे कामगिरी बघून कमी-जास्त मिळणारे. मूळ पगार महिना 75 हजार, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 1 लाख 8 हजार. ग्रॅच्युइटीचे 43 हजार आणि विम्याच्या हप्त्याचे 25 हजार. हे सगळं सीटीसीतच मोजलेलं आहे. ते वजा केलं की दरमहा ठरलेले उरतात सुमारे 1 लाख 12 हजार 800, तेही तुमचा स्वतःचा पीएफ आणि कर कापायच्या आधी. तुमच्या आजच्या कंपनीत ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीच्या बाहेर आहेत आणि व्हेरिएबल जेमतेम 5 टक्के. त्याच पद्धतीने मोजलं तर आज दरमहा 1 लाख 7 हजार 600 च्या आसपास पडतात. म्हणजे दर महिन्याच्या खात्रीच्या रकमेत फरक पडतो सव्वापाच हजारांचा. पीएफ वाढेल, तो तुमचाच पैसा आहे, हे मान्य. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर त्याशिवाय वर्षाला आणखी जवळपास दोन लाख जास्त येतील, हेही खरं. पण त्या ‘तर’वरच सगळं अडलंय. म्हणून एचआरला एकच प्रश्न विचारा : या ग्रेडला गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिलं? ज्यांना सांगायचं असतं ते आकडा सांगतात. बाकीचे ‘परफॉर्मन्सवर अवलंबून आहे’ म्हणतात. शिवाय नव्या जागी ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्याआधी सोडलंत तर सीटीसीत दरवर्षी दाखवलेले ते 43 हजार तुमच्या हाती येतीलच असं नाही.

बस आणि कॅन्टीन मी मोजलेलं नाही. ते तुम्ही मोजा. चिंचवडहून बाणेरला जायला बस नसेल तर गाडीचं पेट्रोल आणि जेवणाचा डबा यांतच सव्वापाच हजारांचा बराच भाग जाईल.

मेडिक्लेमचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे, आणि पत्रात तो तुम्ही एका ओळीत उरकलाय. नव्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील नाहीत. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाची नवी पॉलिसी काढली की आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि आधीची वर्षं धरली जातात. त्याला मुदत असते, म्हणून राजीनाम्याच्या आधी विमा कंपनीशी बोला आणि हप्ता किती बसेल ते लेखी मागवा. तो आकडा हातात येईपर्यंत 18 लाखांची साडेचौदाशी तुलना अर्धवटच राहील.

आता 4.2 आणि 3.6. हे तारे देतं कोण? नुकतं सोडून गेलेलं चिडलेलं माणूस, नाहीतर एचआरच्या सांगण्यावरून पहिल्याच महिन्यात कौतुक लिहिणारा नवा पोरगा. तुमच्यासारखी अकरा वर्षं एका जागी काम करणारी बाई तिथे लिहायला जात नाही. गेलात का तुम्ही कधी? शिवाय बाणेरच्या सेंटरचे तारे आणि त्याच कंपनीच्या सेल्समधले तारे एकाच सरासरीत कालवलेले असतात. तारे बघू नका, मजकूर वाचा. तोही आपल्या शहरातला, आपल्या विभागातला आणि गेल्या दीड-दोन वर्षांतला. एकच तक्रार पाच वेगवेगळ्या लोकांनी पाच वेगळ्या शब्दांत केली असेल तर ती धरून चाला. गेटवर लावलेलं ‘काम करण्यासाठी उत्तम ठिकाण’ छापाचं प्रमाणपत्रही तसंच. कंपनी स्वतः अर्ज करते, फी भरते, कर्मचाऱ्यांची पाहणी होते. त्याला किंमत नाही असं नाही, पण ज्यांनी अर्जच केला नाही त्या कंपन्या वाईट ठरत नाहीत.

ताऱ्यांपेक्षा कितीतरी भरवशाचा कागद फुकट मिळतो आणि तो वाचायला कुणी जात नाही. शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून वार्षिक अहवालात ‘बीआरएसआर’ नावाचा भाग द्यावाच लागतो. सेबीचा नियम आहे. त्यात कायम कर्मचारी किती आणि कंत्राटी किती, कायम कर्मचारी व कामगार सोडून जाण्याचं प्रमाण तीन वर्षांत काय, किती जणांना आरोग्य विमा आहे, बाळंतपणाच्या रजेवरून किती बायका परत आल्या आणि त्यांतल्या किती टिकल्या, अपघात किती झाले, युनियनचे सभासद किती, स्त्रिया आणि पुरुषांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो) काय, हे सगळं येतं. शिवाय कंपनी कायद्यानुसार सूचिबद्ध कंपनीला आणखी एक गोष्ट सांगावी लागते : संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, आणि वर्षभरात इतरांची पगारवाढ सरासरी किती टक्के झाली. अप्रेजलच्या मीटिंगमध्ये ‘यंदा मार्केटच खराब आहे’ हे ऐकून घेण्याआधी तो आकडा बघावा. किर्लोस्कर ब्रदर्स आणि केएसबी या दोन्ही पंपवाल्या कंपन्या सूचिबद्ध आहेत, त्यांचे अहवाल घरबसल्या उघडता येतात. तुमची आजची कंपनी आणि रांजणगावची, दोन्ही सूचिबद्ध आहेत. रविवारची एक दुपार द्या. कायम माणसं घटताहेत आणि कंत्राटी वाढताहेत असं दिसलं, तर मॅनेजर म्हणून तुमचा दिवस कशात जाणार ते लक्षात येईल : दर सहा महिन्यांनी नवी माणसं शिकवण्यात.

परदेशी कंपनीची इथली शाखा प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे तिच्याबद्दल असं काही वाचायला मिळणार नाही. याचा अर्थ ती काही लपवते असा नाही, पण तिची माहिती माणसांकडूनच काढावी लागेल.

तुमच्या पत्रात एक गृहीतक तीनदा आलंय : परदेशी म्हणजे शिस्त, तंत्रज्ञान, स्थैर्य. भारतीय म्हणजे मालकाची मर्जी. पंपांच्या जगात हे फारसं टिकत नाही. डेन्मार्कची ग्रुंडफॉस, जर्मनीची विलो आणि जर्मनीचीच केएसबी, या तिन्ही बड्या कंपन्यांचा ताबा मुख्यतः संस्थापकांच्या घराण्यांतून निघालेल्या प्रतिष्ठानांकडे आहे. अमेरिकेची फ्लोसर्व्ह शेअर बाजारातल्या गुंतवणूकदारांची आहे, ती दर तिमाहीचा हिशेब त्यांना देते. या सगळ्यांना ‘एमएनसी’ या एका पोत्यात भरून काय कळणार? केएसबीची भारतातली कंपनी तर 1960 सालची, पिंपरीतल्या कारखान्याची. तिला परदेशी म्हणायचं की पिंपरीची, हे तुम्हीच ठरवा. मालक कोण हे कधी अगदी अनपेक्षित जागी येऊन आदळतं. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेने एका रशियन उद्योगपतीवर निर्बंध घातले. स्वित्झर्लंडच्या सुल्झरमध्ये त्याच्या गटाचा निम्म्याहून जास्त हिस्सा होता, म्हणून त्या कंपनीचे व्यवहार अडकले, आणि तो हिस्सा निम्म्याच्या खाली आणल्यावरच सुटले. टेस्ट बेडवर काम करणाऱ्या माणसाचा यात काय संबंध? काहीच नाही, आणि तरी त्याला झळ बसतेच.

स्थैर्याचं म्हणाल तर आपल्याच भागात बघा. जनरल मोटर्सने तळेगावचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबवलं, पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. आणि अस्सल इथल्या बजाज ऑटोचं आकुर्डीतलं उत्पादन 2007 मध्ये बंद झालं. कोणत्याही झेंड्याखाली आयुष्यभराची हमी नाही. म्हणून कंपनीला विचारायचं ते असं : हा विभाग कुणाच्या निर्णयावर चालतो, तो माणूस कुठे बसतो, आणि इथे बनणाऱ्या मालाला गिऱ्हाईक कोण? युरोपातल्या कारखान्याची ड्रॉइंग्ज बनवणारं सेंटर तिथल्या बजेटवर जगतं. भारतातल्या रिफायनऱ्या आणि पाणीपुरवठा योजनांसाठी पंप बनवणारा प्लांट इथल्या ऑर्डरींवर जगतो.

आणि इथे मी तुमच्या मूळ प्रश्नाशी भांडणार आहे. घराणं बघून मुलगी देतात तशा आपण कंपन्या निवडतो. त्या घरात तिचा दिवस कुणाबरोबर आणि कशात जाणार हे कुणी विचारत नाही. ‘सगळ्यात चांगली कंपनी’ असं काही नसतं. एकाच कंपनीत एपीआय 610 या तेल उद्योगातल्या पंपांच्या मानकाच्या निकषांवर रिफायनरीचा पंप एकेक करून घडवणारा विभाग असतो आणि शेतीचे मोनोब्लॉक हजारोंनी काढणारी लाइनही असते. पगाराची स्लिप एकाच रंगाची, पण आयुष्यं पूर्ण वेगळी. पहिल्या ठिकाणी तुम्ही एनपीएसएचच्या (पंपाच्या तोंडाशी लागणाऱ्या दाबाच्या) एका आलेखावर आठवडा घालवता, दुसऱ्या ठिकाणी महिनाअखेरच्या डिस्पॅचवर.

तुमच्या पत्रातल्या ज्या चार ओळी कंटाळून लिहिलेल्या नाहीत, त्या टेस्ट बेडबद्दलच्या आहेत. पंप ठरलेल्या बिंदूवर बसला नाही, म्हणजे हवा तितका प्रवाह आणि दाब देईना, सगळ्यांनी मोटरला दोष दिला आणि तुम्ही इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) ट्रिमिंगमधली चूक शोधली, हे तुम्ही न विचारता सांगितलंय. म्हणून बाणेरच्या ऑफरला मला विचारावंसं वाटतं : तिथे टेस्ट बेड आहे का? नाही. तिथे कारखानाच नाही. तुम्ही काय करणार? तक्त्यात ‘प्रॉडक्ट इंजिनिअरिंग सपोर्ट’ लिहिलंय. हे काम उत्तमही असू शकतं. काही सेंटरांत संपूर्ण पंपाची मालकी इथल्या टीमकडे असते, पहिल्या चाचणीला इंजिनिअरला तिकडच्या कारखान्यात पाठवतात. आणि काही ठिकाणी वर्षभर ड्रॉइंगमधली एक मिती बदलून रिव्हिजन ‘सी’ची ‘डी’ करायची असते. दोन्हींची पदनामं सारखीच. तुम्हाला हवं ते असं विचारा : डिझाइन बदलायला अंतिम सही कुणाची? या टीममधला कोणी गेल्या वर्षी चाचणीला गेला होता का? संध्याकाळचे कॉल आठवड्यातून किती आणि किती वाजेपर्यंत? शेवटचा प्रश्न चार वर्षांच्या मुलीच्या आईने तर विचारावाच. अर्थात त्या मुलीच्या बापानेही विचारायला हरकत नाही.

रांजणगावची जागा टेस्टिंग आणि असेंब्ली दोन्हीची आहे, म्हणजे कामाच्या दृष्टीने तुमच्या सर्वांत जवळची. पण चिंचवडहून वाघोलीच्या गर्दीतून रोज जाऊन-येऊन तुमचे चार तास रस्त्यावर जातील. शिरूरजवळ घर करणार असाल तर सासूबाईंशी आधी बोला, गृहीत धरू नका. त्या प्लांटमध्ये शॉपफ्लोअरजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, दुसऱ्या पाळीनंतर गाडी घरापर्यंत सोडते की हायवेवर, पाळणाघर कागदावर आहे की खरोखर चालतं? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते असायलाच हवं, कायदा 2017 पासून तसं सांगतो. हे प्रश्न तिसऱ्या फेरीत विचारायला लाजू नका. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा उतरला तर तेही उत्तरच आहे.

माहिती कुणाकडून काढायची? बॅचमेटकडून नको. बॅचमेट स्वतःच्या निर्णयाची वकिली करतो. तुमच्याकडे विटनेस टेस्टला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने चाचणी डोळ्यांनी बघायला, बाहेरच्या संस्थेचे थर्ड पार्टी इन्स्पेक्टर येतात ना? ते आज तुमच्याकडे असतात, उद्या स्पर्धकाच्या टेस्ट बेडवर. कुठे रीडिंग जसं आलं तसं लिहितात, कुठे ‘साहेब, जरा ॲडजस्ट करा’ म्हणतात, 31 मार्चच्या रात्री कुठे गोंधळ असतो, कुठला मॅनेजर पोरांवर ओरडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसरा माणूस कास्टिंगचा सप्लायर. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात. जी कंपनी कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला चार महिने फिरवते, ती पैशाची ओढाताण झाली की इन्क्रिमेंटही पुढे ढकलते, असं मी धरून चालते. चहा पाजा, कंपनीबद्दल विचारू नका, त्या विभागाच्या प्रमुखाबद्दल विचारा.

बरोबरच्यांचं काय करायचं? त्यांनी दोन-तीन कंपन्या बदलल्या आणि पगार वाढले, हे खरंच आहे. आपल्याकडे आतल्या माणसाला आठ टक्के आणि बाहेरून येणाऱ्याला पंचवीस टक्के देण्याची रीत आहे. ती चीड आणणारी आहे, आणि तुमचा राग रास्त आहे. पण त्यांतल्या किती जणांकडे आज एखाद्या गोष्टीचा संपूर्ण ताबा आहे? तुमच्याकडे आहे. बाजारात त्याची किंमत आहे, आणि ती तुमच्या कंपनीने अजून दिलेली नाही. याचं एक कारण असंही असेल की तुम्ही ती मागितलेलीच नाही. पत्रात अकरा वर्षांचा हिशेब आहे, पण ‘मी साहेबांना सांगितलं’ असं वाक्य एकदाही नाही. कंपनीचा अभिमान तुमच्या आड येतोय का? तो खोटा नसतो. 2018 मध्ये थायलंडच्या गुहेत मुलं अडकली तेव्हा पाणी उपसायच्या कामाला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. तेव्हा किर्लोस्करवाडीत काय वाटलं असेल याची कल्पना पंपवाल्यांना सहज येईल. पण अभिमानाने पगारवाढ मागू नये असं कुठे लिहिलंय?

माझा कल विचाराल तर बाणेरची ऑफर आहे त्या स्वरूपात मला पटत नाही. महिन्याला खात्रीचे सव्वापाच हजार, आई-वडिलांच्या विम्याचा भार आणि टेस्ट बेडपासून ताटातूट, हा सौदा महाग आहे. त्यांनी चाचणीचं काम लेखी दिलं आणि व्हेरिएबलचा तीन वर्षांचा आकडा बरा निघाला, तर मी माझं मत बदलेन. रांजणगाव हातात ऑफर नसताना मोजू नका.

तुमच्यासारख्या पेचात असलेल्या इतरांनीही दहा दिवसांची मुदत म्हणजे रेल्वेचं तिकीट समजू नये. आणखी एक आठवडा हवा असं कळवलं तर चांगली कंपनी देते. तुमचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, तेव्हा एका आठवड्याने त्यांचं काही बिघडत नाही. उद्या त्यांना तीन प्रश्नांची मेल करा : व्हेरिएबलचा इतिहास, चाचणीतला सहभाग, आई-वडिलांना स्वखर्चाने पॉलिसीत घेता येईल का. परवा तुमच्या विभागप्रमुखांची अर्ध्या तासाची वेळ मागा. ऑफर लेटर टेबलावर आपटू नका. धमकी देऊन मिळालेली वाढ पुढच्या वर्षी वळती करून घेतात. हायड्रॉलिक डिझाइन आणि टेस्टिंग अशी एकत्र जबाबदारी मागा, तिचं पदनाम मागा, आणि किती पगारावर तुम्ही ती आनंदाने कराल तो आकडा स्वतःच्या तोंडाने सांगा. तो आकडा आज रात्रीच ठरवा, कारण समोर बसल्यावर सुचत नाही. त्यांनी ‘बघू’ म्हटलं तर तारीख विचारा. तारीखही दिली नाही, तर बाणेरच्या मेलचं उत्तर काय येतं याची वाट बघा, आणि तोवर रांजणगावच्या तिसऱ्या फेरीला जाऊन या. जाताना कंपनीच्या गाडीने जाऊ नका, स्वतःच्या गाडीने, सकाळी सातला निघून जा.